वऱ्हाडी बोलण्याचे दीडशे युरो

परदेशातून पैसे येणार असले की माणसाच्या चालण्यात फरक पडतो. माझ्या चालण्यात पडला होता, असं घरच्यांचं म्हणणं आहे. मला तो जाणवला नाही, कारण त्या दिवसांत मी फारसा चालतच नव्हतो. अमरावतीच्या राजकमल चौकात एका जागी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो.

पैसे कशाचे, तर बोलण्याचे. जर्मनीतल्या एका विद्यापीठातल्या बाई मराठीच्या बोलींवर काम करतात. कुणाच्या तरी ओळखीतून त्यांना माझा पत्ता लागला. मी अकोल्याच्या एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. म्हणजे पोरांच्या तोंडातली वऱ्हाडी उपटून तिथं प्रमाण मराठी लावण्याचा सरकारी पगार घेतला. 'मले' म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचं, 'कायले' म्हणणाऱ्याकडून 'कशाला' हा शब्द वहीभर लिहून घ्यायचा, ही माझी सेवा. निवृत्त होऊन अमरावतीत घर बांधलं, आणि आता या बाई म्हणत होत्या की तीच वऱ्हाडी बोला, आम्ही रेकॉर्ड करतो आणि दीडशे युरो मानधन देतो. न बोलू देण्याचं पेन्शन चालूच होतं, वर बोलण्याचे युरो. दोन्ही बाजूंनी कमाई.

बाईंना गोष्ट हवी होती उधळ्या मुलाची. ग्रिअर्सन साहेबाने भाषांची जी मोठी पाहणी केली, तिचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात बोलीबोलींचे नमुने म्हणून बायबलातली हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते, आणि त्यात वऱ्हाडीही आहे. धाकटा पोरगा बापाकडून हिस्सा घेतो, दूर देशी जातो, सगळं उडवून बसतो. बाईंना पाहायचं होतं की शंभरावर वर्षांनी ती गोष्ट वऱ्हाडी माणूस कशी सांगतो. मी फोनसमोर बसलो आणि सांगितली. 'एका मानसाले दोन पोरं होते' इथून जो सुटलो तो थांबेचना. पऱ्हाटी, कुटार, तिफन, टोंगळे, जे शब्द आयुष्यभर लाल शाईने खोडले ते सगळे एका दमात बाहेर आले. बायको स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "बाप्पा! तुमाले येते का हे?"

रेकॉर्डिंग बाईंना पसंत पडलं. त्याच आठवड्यात मी वलगाव रोडवरच्या मित्राच्या शेतात रोडगे लावले. थंडीचे दिवस होते, वांगी भरात होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे फोडून तुपात बुडवायचे आणि वर झणझणीत वांग्याची भाजी. जुने सहकारी आले, शेजारी आले, शेजाऱ्यांचे पाहुणे आले. "सर, युरोचा भाव काय चालू आहे?" असं कोणी विचारलं की मी तो सांगून वर दोन बोटं दाढीवरून फिरवत होतो. मला दाढी नाही. किती तूप लागलं, किती पीठ, याचा हिशेब ठेवला नाही. युरो येणारच होते.

मग बाईंच्या विद्यापीठाचा फॉर्म आला.

बँकेच्या कामात मला कोणी शिकवायची गरज नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. आयएफएससी तर मी झोपेत सांगेन. अकरा जागा, पहिल्या चार बँकेच्या, पाचवं शून्य, उरलेल्या सहा शाखेच्या. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांचे एनईएफटीचे फॉर्म मीच भरलेले आहेत. त्या जर्मन फॉर्मात 'बीआयसी किंवा स्विफ्ट' असं लिहून पुढे चौकोन काढलेले होते. मोजले, अकरा. माझा कोड अकरा जागांचा, त्यांचे चौकोन अकरा. एवढे गुण तर आमच्या लग्नाच्या पत्रिकेतही जुळले नव्हते. भरून टाकला. खाली, खर्च कोणी सोसायचा याचे तीन पर्याय होते, 'अवर', 'शा' आणि 'बेन'. बेन म्हणजे बेनिफिट असणार, फायदा कोण सोडतो, म्हणून त्यावर ठसठशीत खूण केली.

बाईंचं उत्तर आलं. त्या मराठी पुस्तकातून शिकल्या आहेत, त्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध लिहितात. 'माननीय महोदय, आपण दिलेला संकेतांक आमच्या लेखा विभागास ग्राह्य वाटत नाही. पाचव्या व सहाव्या स्थानी शून्य आहे.' मला वाटलं, जर्मन लोकांना माझं अक्षर लागलं नाही, ते शून्य नसून ओ हवा असणार. दोन्ही शून्यांचे ओ करून पाठवले. परत उत्तर आलं की त्या दोन जागी देशाचं नाव असतं आणि 'ओओ' या नावाचा देश लेखा विभागाच्या यादीत नाही.

तेव्हा कुठे मी चष्मा पुसून हे काय प्रकरण आहे ते वाचायला बसलो. आयएफएससी हा आपला घरचा कोड. देशाची सीमा ओलांडली की त्याला कोणी ओळखत नाही. बाहेर चालतो तो बीआयसी, म्हणजे ज्याला सगळे स्विफ्ट कोड म्हणतात तो. तो आठ जागांचा असतो किंवा अकरा. चार अक्षरं बँकेची, दोन देशाची, आपली 'आयएन', पुढची दोन ठिकाणाची, आपल्या बऱ्याच बँकांच्या कोडात इथं 'बीबी' दिसतं, आणि शेवटच्या तीन शाखेच्या. शाखा सांगायची नसेल, मुख्य कार्यालयच घ्यायचं असेल, तर शेवटी तीन एक्स लावतात. हे तीन एक्स पाहून आमचे एक मित्र बँकेविषयी प्रथमच आपुलकीने बोलले.

स्विफ्ट ही संस्था 1973 साली ब्रसेल्सला निघाली, पंधरा देशांतल्या 239 बँका मिळून, आणि 1977 ला तिचं काम सुरू झालं. त्याआधी टेलेक्सवर चालायचं. एकेक निरोप वाक्यं लिहून पाठवायचा, पलीकडच्याने त्याचा अर्थ लावायचा. आज दोनशेवर देशांतल्या अकरा हजारांहून जास्त संस्था तिच्यावर आहेत. त्यात माझी शाखा नाही, एवढंच मला नंतर कळलं.

आधी अमरावतीतल्या शाखेत गेलो.

"स्विफ्ट कोड पाहिजे."

"कोनती, डिझायर का साधी?" खिडकीतल्या मुलाने विचारलं. हा विनोद देशातल्या प्रत्येक शाखेत रोज होत असणार, पण तो स्वतःच इतका खूश झाला की मीही हसलो. काम आपलं होतं.

"अन् आयबॅन?"

"थो आपल्या इथं नाई राहत, काका."

हे मात्र त्याचं खरं होतं. आयबॅन हा मुख्यतः युरोपातला प्रकार. जर्मनीचा बावीस जागांचा, त्यात देशाच्या अक्षरांनंतरचे दोन अंक फक्त पडताळ्याचे, मधला एखादा आकडा चुकला तर ते लगेच चुगली करतात. भारताने ही पद्धत घेतलेली नाही. आपल्याकडे साधा खाते क्रमांक द्यायचा. आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या घरी, आणि चुगली करायला कोणी नाही.

मुलाने माझं पासबुक उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "काका, हा कोड बंद झाला नं." माझी मूळ बँक आता शिल्लक नाही. 1 एप्रिल 2019 ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला आणखी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. या गर्दीत माझी कोणती होती ते सांगत नाही, तिथं पेन्शन येतं. पासबुक मात्र मी जुनंच जपून ठेवलेलं. म्हणजे मी जर्मनीला पाठवलेला कोड स्विफ्ट म्हणून चुकीचा होताच, पण आयएफएससी म्हणूनही मेलेला होता. कॉलनीतल्या लोकांचे फॉर्म भरणारा तो मीच.

"होम ब्रँचले जा," मुलगा म्हणाला. होम ब्रँच अकोल्याला. खातं नोकरीत असताना उघडलेलं, बदलून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. एवढ्यासाठी अकोल्याला कोण जातो, म्हणून मी मोबाइलवर बँकेचं नाव आणि 'अमरावती' टाकून शोधलं. कोड निघाला. आठ नव्हे, चांगला अकरा जागांचा, चौथ्यानंतर 'आयएन'. मी तो बाईंना मोठ्या दिमाखात कळवला. आमच्या अमरावतीच्या इंग्रजी स्पेलिंगपेक्षा त्या पानावर एक 'ए' जास्त होता. तो का, हे मला विचारावंसं वाटलं नाही. आंध्र प्रदेशातही एक अमरावती आहे आणि 2015 पासून तिथं राजधानी उभारण्याचं काम निघालं आहे, हे मी शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला स्वतः सांगितलेलं आहे.

जर्मनीतून पैसे निघाले. बाईंनी पावतीही पाठवली. इकडे काही नाही. यूपीआयने चहाचे दहा रुपये टपरीवाल्याला पोचायच्या आत फोन वाजतो, आणि हे 'स्विफ्ट'!

ज्याला हवं त्याला ते वेगाने जातंही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर दरोडा पडला. एटीएममधून जे गेले ते वेगळेच, वर तेरा कोटी नव्वद लाखांच्या आसपास रक्कम स्विफ्टवरून हाँगकाँगच्या एका खात्यात पोचती झाली. चोरांना होम ब्रँचला जा असं कोणी म्हटलं नाही. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 2016 मध्ये असेच आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपाइन्सला गेले. चोरांनी मागितले होते पंचाण्णव कोटींच्या घरात, पण श्रीलंकेतल्या एका संस्थेकडे जाणाऱ्या दोन कोटी डॉलरच्या निरोपात 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं, कोणीतरी थबकलं, आणि ती रक्कम हातची गेली. शुद्धलेखनाचं महत्त्व मी पोरांना इतकी वर्षं सांगत होतो, पण असं दणदणीत उदाहरण नोकरीत असताना मिळालं नाही.

वाट पाहताना माणूस इतिहासात शिरतो. स्विफ्टमधून पैसा जातच नाही, जातो तो निरोप. पैसा बँकांनी एकमेकींकडे उघडून ठेवलेल्या खात्यांत इकडचा तिकडे मांडला जातो. हे वाचलं आणि म्हटलं, अरे, ही तर हुंडी! अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडच्या कापसाकडे गेलं. अमरावती, खामगाव, कारंजा या पेठांत तेव्हा जो पैसा खेळला त्यातला पुष्कळ सराफांच्या कागदांवर खेळला. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुद्दती असेल तर मुदत भरल्यावर. कागद वाटेत हरवला तर दुसरा लिहून देत, त्याला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. मीही बाईंना एव्हाना पेठ पाठवून परपेठेवर आलो होतो. फरक इतकाच, की हुंडी कुठं अडली हे मुनिमाला तोंडावर विचारता येई. इथं टोल फ्री नंबर होता. तो हिंदीसाठी दोन दाबा म्हणे आणि दाबल्यावर इंग्रजीत गाणं लावी.

अखेर अकोल्याची एसटी धरली. रस्ता आता फार चांगला आहे. जून 2022 मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेलं. खिडकीतून तो गुळगुळीत पट्टा पाहताना मी हिशेब केला. एवढ्या वेळात लोणीचे लोक मान्याला डांबर पोचवतात आणि माझे दीडशे युरो खात्यापर्यंत सरकत नाहीत. मूर्तिजापूर आलं आणि शकुंतला गाडी आठवली. तिची अचलपूर ते यवतमाळ ही नॅरोगेज लाइन रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणातून सुटली आणि खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायचा, असं कितीतरी वर्षं चाललं. वऱ्हाडातून पैसा बाहेर जायला कधी फॉर्म आड आला नाही.

अकोल्यात टॉवर चौक ओलांडून शाखेत शिरलो. परकीय चलनाचं काम सगळ्या शाखांत होत नाही, तरी एका साहेबांना त्यातलं कळतं म्हणून त्यांच्याकडे पाठवलं. साहेब उठून उभे राहिले आणि वाकून नमस्कार केला. माझा विद्यार्थी.

त्याने संगणकात बोटं चालवली. पैसे मुंबईला बँकेच्या परकीय चलन विभागात येऊन पडलेले होते. अडले होते एकापेक्षा अधिक कारणांनी. पत्ता अमरावती महाराष्ट्राचा, कोडातली शाखा आंध्राची, खातं अकोल्याचं. शिवाय माझ्या नावात कृष्ण आहे. बँकेने इंग्रजीत 'कृ' लिहिताना यू वापरला आहे, मी जर्मनीच्या फॉर्मात आय वापरला. श्रीलंकेच्या अनुभवानंतर बँका अशा बाबतीत कडक झाल्या असणारच. त्यांनी विचारणा केलेली मेलही होती, माझ्या स्पॅममध्ये, लॉटरी लागल्याच्या मेलांच्या शेजारी. खरे पैसे आणि खोटे पैसे एकाच फोल्डरात.

"सर, हे निस्तरून जाईल," तो म्हणाला. "फक्त पर्पज कोड पाहिजे. पैसे कशाचे?"

परदेशातून आलेला प्रत्येक रुपया कशासाठी आला हे रिझर्व्ह बँकेला सांगावं लागतं, आणि त्यासाठी आणखी कोडांची एक यादी आहे. पी 1301 म्हणजे परदेशातल्या भारतीयाने घरखर्चाला पाठवलेले, पी 1302 भेट, पी 1303 धर्मादाय संस्थेला देणगी, पी 1006 व्यवसाय सल्ला. मी आवाज खाली करून म्हणालो, "बोलण्याचे."

"भाषण दिलं काय?"

"नाही. वऱ्हाडी बोललो."

तो कीबोर्डवरचे हात काढून माझ्याकडे पाहत राहिला. मग सावकाश, शाळेत कधी बोलू दिली नव्हती त्या भाषेत बोलला. "सर, म्या 'मले' म्हनलो म्हनून तुमी मले आठवडाभर वर्गाभायेर उभं केलं होतं. अन् तुमी त्याचेच पैसे घेऊन रायले?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मी पंख्याकडे पाहिलं. तो चालू होता.

यादीत वऱ्हाडीचा कोड नव्हता. सल्लागार म्हणावं तर व्यवसाय नाही, भेट म्हणावं तर मी काम केलेलं. त्याने शेवटी नीट चौकशी करून बसेल तो कोड लावला. पण त्याआधी मुंबईच्या विभागाने आपल्या अंदाजाने एक कच्ची नोंद करून मला एसएमएस पाठवून दिला होता. घरचा जुना फोन बँकेत नोंदवलेला, तो बायकोकडे असतो. जर्मनीतल्या बाईंचं नाव, रक्कम, आणि पुढे 'फॅमिली मेंटेनन्स'.

संध्याकाळी अमरावतीला पोचलो तर घरी चहा नव्हता. "कोनती फॅमिली?" एवढंच विचारलं तिने. मी रिझर्व्ह बँकेच्या यादीपासून समजावायला सुरुवात केली. स्विफ्ट, बीआयसी, पी 1301, सगळं सांगितलं. अपराधी माणूस जितका तपशील देतो तितका मी दिला. शेवटी विद्यार्थ्याला फोन लावून दिला तेव्हा दूध गॅसवर चढलं.

पैसे जमा झाले तेव्हा थंडी जाऊन अकोल्याचा उन्हाळा सुरू झाला होता. दीडशे युरोंतले काही मधल्या बँकेने वाटेत कापले. बेन म्हणजे बेनिफिट नसून बेनिफिशियरी, म्हणजे सगळा खर्च पैसे घेणाऱ्याच्या बोकांडी, हे मला जमेच्या चिठ्ठीवर वाचायला मिळालं. मग आमच्या बँकेचं शुल्क, त्यावर जीएसटी, आणि युरोचे रुपये करून दिल्याबद्दल वेगळा जीएसटी. छोट्या रकमेला किमान 250 रुपये मूल्य धरतात आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे 45 रुपये. उरलेल्यात एसटीचं भाडं वजा केलं. रोडग्यांचं वजा करायला बायकोने कागद मागितला तेव्हा मी पेन सापडत नसल्याचं सांगितलं.

आता आमच्या कॉलनीत परदेशी पैशांचा जाणकार मीच. कुणाची लेक कॅनडात, कुणाचा पुतण्या म्युनिकला. लोक येतात आणि मी सांगतो. शाखेत जाऊनच स्विफ्ट कोड लिहून घ्या, मोबाइलवर शोधू नका. शाखेला नसेल तर बँकेचा मुख्य कोड आणि आपला पूर्ण खाते क्रमांक द्या. नाव पासबुकावर जसं आहे तसंच, कृष्णाच्या यू-आयसकट. आयबॅन मागितला तर नाही म्हणून सांगा. खर्चाच्या रकान्यात बेनवर खूण करू नका. पैसे कशाचे हे बँकेला आधी सांगा, आणि बायकोला त्याच्याही आधी.

बाईंची परवा मेल आली. दुसरी गोष्ट हवी आहे, या वेळी शेतीची. तेव्हा राजेहो, कुणाचं परदेशातून पैसे यायचं काम अडलं असेल तर संध्याकाळी राजकमल चौकात भेटा. सल्ला फुकट देतो. वऱ्हाडी बोलण्याचे मात्र आता पैसे घेतो.